कावळ्याने निवडलेली पदवी

माझी पदवी एका कावळ्याने निवडली.

म्हणजे निवडायला आम्ही माणसंही बसलो होतो. चांगलं वर्षभर बसलो होतो! पण माणसांचं एकमत होईना, आणि शेवटी निकाल लागला तो नदीकाठच्या दगडावर, चोचीने. (कावळ्याचं स्वतःचं शिक्षण किती, हे कुणी विचारलं नाही.)

मी तेव्हा तालुक्याच्या दवाखान्यात नर्स होते. डिप्लोमावाली. शेणव्याजवळच्या आमच्या गावात मला नावाने कुणी हाक मारत नसे, सगळ्यांची मी 'शिस्टर'. नवरासुद्धा भांडताना 'शिस्टर' म्हणायचा! डिप्लोमा म्हणजे पाठ मोडेपर्यंत रात्रपाळ्या. पदवी असली की नर्सिंगच्या शाळेत शिकवायला जाता येतं. दिवसा मुलींवर ओरडायचं, खुर्चीवर बसायचं आणि रात्री स्वतःच्या अंथरुणात झोपायचं. मला आयुष्याकडून एवढंच हवं होतं. पण नोकरीत राहून शिकायला वयाची अट होती आणि माझं वय त्या अटीच्या उंबऱ्यावर आलं होतं. उडी एकदाच मारता येणार होती.

पर्याय दोन होते. पहिला सरकारी. पुस्तकं पोस्टाने यायची आणि रविवारी कल्याणच्या एका इस्पितळात जाऊन खऱ्या पेशंटवर हात चालवायचा. दुसरा ऑनलाइन. ह्याचा शोध आमच्या जावईबापूंनी लावला. जावईबापू म्हणजे माझ्या नणंदेचे, मंदावन्संचे यजमान. वाशिंदला स्टेशनजवळ त्यांचा सायबर कॅफे होता. कॉम्प्युटर तीन, त्यातला एक चालू.

"वैनी, जमाना ऑनलाइनचा आहे! घरबसल्या पदवी! पेशंटचं तोंडसुद्धा बघायला नको!"

"अहो, पण नर्सने पेशंटचं तोंड बघायचं नाही, तर बघायचं तरी काय?"

"हेच, हेच तुमचं चुकतं. जुने विचार!"

जावई बोलायला लागला की आमच्या घरात भांडंसुद्धा वाजत नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या. एकटे आबा सोडून.

आबा माझे सासरे. सगळा जन्म भात आणि नाचणीत गेला, शाळा चौथीपर्यंत. बिड्यांनी छाती पोखरली होती आणि त्या वर्षी ते पडवीतल्या खाटेला खिळले. मी दवाखान्यातून सुटून यायची ती घरच्या ड्युटीवर. आबा हसायचे, "गिऱ्हाईक घरातच गावलं गो तुला!" हसले की खोकला यायचा, खोकल्याबरोबर रक्त यायचं. मग मी पुसायची, ते माफी मागितल्यासारखे बघायचे, आणि आम्ही कॉलेजचा विषय काढायचो.

"त्या ऑनलाइनमंदी पेशंट कुठं ठेवत्यात?"

"नसतोच आबा. चित्र असतं."

"मंग सुई चुकली तं बोंब कोन मारंल?"

"कुणीच नाही."

"मंग तितं नाय शिकाचं. बोंब मारनारा पायजे, तवा मानूस शिकतो. तू कल्यानला जा. नायतर जल्मभर गू-मूत काढत बसशील माज्यासारक्यांचं."

धाप लागायची म्हणून ते हे सगळं पुटपुटत बोलायचे. मला ऐकू यायचं. घरातल्या बाकीच्यांना फक्त खोकला ऐकू जायचा.

वैशाखात एका सकाळी मी त्यांची चादर बदलत होते. एक बाजू झाली आणि म्हटलं, "आबा, वळा जरा." ते वळले नाहीत. मेलेली माणसं मी कितीतरी आवरलीत. त्या दिवशी मला चादर खोचता येईना.

दहाव्याला सगळे नदीवर गेलो. पुरुष खाली पाण्याजवळ, बायका मागे दरडीवर, अशी आमच्याकडची पद्धत. दगडावर पिंड ठेवला, बाजूला वडा, जिलबी आणि आबांच्या बिड्यांचा कट्टा. कावळा शिवला की माणूस समाधानाने गेला; नाही शिवला तर काहीतरी इच्छा मागे राहिली. कावळे होते. समोरच्या आंब्यावर ओळीने बसले होते, लग्नात पंगतीची वाट बघत बसावं तसे. पण एक पठ्ठ्या खाली उतरेल तर शपथ!

"बोला रे, कबूल करा कायतरी," दामूअण्णा म्हणाले. हे आबांचे धाकटे भाऊ, सगळ्या कार्यांचे मुकादम.

आमचे हे हात जोडून पुढे झाले. "आबा, आईला सांभालीन!"

कावळे ढिम्म.

"ते कुनी पन करतो! दुसरं बोल!"

"आबांना मला पाटल्या करायच्या होत्या!" मंदावन्सं मागून हुंदका देत ओरडल्या. एका कावळ्याने पाठ फिरवली.

"बांधावरचा आंबा त्याला मला द्याचा व्हता," दामूअण्णांनी डोळे पुसत स्वतःचंही उरकून घेतलं. दोन कावळे उडून पलीकडच्या झाडावर गेले.

आबांच्या इच्छा अशा एकेकाच्या तोंडून बाहेर पडत होत्या आणि त्यात आबांची एकही नव्हती. उन्हाने डोकी तापली. भटजी घड्याळ बघायला लागले. सासूबाई माझ्याशेजारी दगडासारख्या बसल्या होत्या. आबा गेल्यापासून त्या धड जेवल्या नव्हत्या की धड रडल्या नव्हत्या. प्रत्येक कबुलीनंतर त्या आंब्याकडे बघायच्या आणि पुन्हा खाली मान घालायच्या.

आणि मला दरडीवरून सगळं स्वच्छ दिसत होतं! पिंडाच्या अगदी जवळ, मानाच्या जागी, जावईबापू उभे होते. उन्हाचा त्रास, म्हणून डोक्यावर काळीकुट्ट छत्री. ती छत्री हलली की आंब्यावरची सगळी रांग दचकायची. वाळवणावर काळं फडकं टांगलं की कावळा येत नाही, हे आमच्याकडचं शेंबडं पोरही सांगेल. इथे फडकं खुद्द जावयाने धरलेलं!

मी सासूबाईंच्या कानाशी लागले. "आई, जावयांची छत्री मिटायला सांगा ना."

"गप गो! जावायला ऊन लागंल."

खाली ह्यांना काय सुचलं कुणास ठाऊक. घसा खाकरून म्हणाले, "आबा, शिस्टरला शिकवीन!"

आंब्यावरून एक कावळा ओरडला. आबा, ऐकलंत का तुम्ही?

"आयकला!" दामूअण्णा उडालेच. "आता कंचं कॉलेज ते फोडून सांग!"

"कल्यानला घालीन! कल्यानच्या कॉलेजात!"

नेमकी तेव्हाच जावईबापूंनी रागाने छत्री ह्या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली. सगळे कावळे भर्रकन उडाले, घिरटी घालून पुन्हा बसले.

"नाय! कल्यान नको बोलतो भाऊ!" दामूअण्णांनी कावळ्यांचा अर्थ लावला.

"मग... मग ऑनलाइन! ऑनलाइन शिकवीन!"

हे ऐकताच जावईबापूंना भरून आलं. त्यांनी छत्री मिटली, काखेत मारली आणि बाजूला उभ्या असलेल्या आमच्या ह्यांना मिठी मारायला धावले. दगड मोकळा झाला. कावळा सरळ खाली आला, पिंडाला शिवला, जाताना जिलबीही घेऊन गेला.

"शिवला! शिवला!"

मी तोंड उघडलं. ओरडणार होते की अहो, छत्री होती ती! आबांना ऑनलाइन नको होतं! तेवढ्यात सासूबाईंनी माझा हात घट्ट धरला. "गेला गो, सुखानं गेला माजा म्हातारा," म्हणाल्या आणि पहिल्यांदाच ढसाढसा रडल्या. मी तोंड मिटलं. त्या बाईच्या हातून तो कावळा काढून घ्यायची माझी छाती झाली नाही. आणि खोटं कशाला बोलू, इंजेक्शनं टोचणारी मी शिकलेली बाई, पण कावळा शिवल्यावर मलाही सुटल्यासारखं वाटलं.

घरी गेल्यावर ह्यांना छत्रीचं सांगितलं. "मग तितंच बोलायचंस ना!" म्हणाले आणि आंघोळीला गेले.

मेलेल्या माणसाला दिलेला शब्द. मोडणार कोण? मी ऑनलाइनला नाव घातलं. ड्युटी संपली की वाशिंद. तिथे इंटरनेट टेलिफोनच्या तारेतून यायचं, म्हणजे यायचं तेव्हा यायचं. शरीराचं चित्र उघडलं की ते वरून खाली हळूहळू उतरायचं. आधी कपाळ, मग नाक, मग छाती... आणि बेंबीपाशी लाईट जायची! भारनियमन! दुसऱ्या खेपेला पुन्हा कपाळापासून. कमरेखाली माणसाला काय असतं, हे माझ्या विद्यापीठाने मला शेवटपर्यंत दाखवलं नाही. (नशीब, दोन मुलांची आई होते.)

तरी पास झाले. फर्स्ट क्लास! सासूबाईंनी गावभर पेढे वाटले, पहिला पेढा आबांच्या फोटोपुढे. मी नवी साडी नेसून पदवी घेऊन आरोग्य खात्याच्या कचेरीत गेले. साहेबांनी कागद उलटसुलट करून बघितला.

"बाई, ह्यात प्रत्यक्ष पेशंटवर काम कुठे आहे?"

"चित्रं होती, साहेब."

"मग ही पदवी इथे चालत नाही."

"मग कल्याणचं तरी..."

"वय उलटलं की तुमचं."

बाहेर व्हरांड्यात आले, खांबाला धरलं आणि भोकाड पसरलं. शिपाई पाणी घेऊन धावला. बोंब मारणारा पाहिजे, म्हणाले होते आबा. शेवटी मिळाला, तो मीच.

त्यानंतर निवृत्तीपर्यंत रात्रपाळ्या केल्या आणि आबांनी सांगितलं होतं तेच काढलं. सासूबाईंना मी शेवटपर्यंत कळू दिलं नाही. आपला म्हातारा तृप्त होऊन गेला, ह्याच समाधानात त्या गेल्या. माझी पदवी मात्र वाया गेली नाही. जावईबापूंनी ती फ्रेम करून कॅफेत लावली आणि खाली लिहिलं, 'आमच्या यशस्वी विद्यार्थिनी'.

आता माझंही वय झालं. ह्यांना बजावून ठेवलंय. माझ्या दहाव्याला कावळा आला नाही तर कुणी काही कबूल करत बसू नका, तुम्ही तर मुळीच तोंड उघडू नका. माझी इच्छा बिच्छा काही राहिलेली नसेल. तेवढी जावईबापूंची छत्री मिटा.