अकराव्या वचनाच्या वर

तलासरीजवळच्या पाड्यावर राहणाऱ्या जानीला वाचता येत नाही, पण बायबलमधल्या यिर्मया संदेष्ट्याच्या एकोणतिसाव्या अध्यायाचं अकरावं वचन तिला पाठ आहे: देवाने आपल्यासाठी योजलेला बेत भल्याचा आहे, वाईटाचा नाही. चार वर्षांपूर्वी तिचा नवरा शुक्रा गुजरातच्या बोटीवर खलाशी म्हणून गेला. बोटीने समुद्रातली हद्द ओलांडली आणि तो पाकिस्तानच्या तुरुंगात जाऊन पडला. त्याच आठवड्यात पास्टर लाहूदादांनी हे वचन तिला दिलं. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात. जानीने काडी घट्ट धरली आणि हातपाय मारायचं सोडून दिलं.

भल्याचा बेत म्हणजे शुक्रा यंदा सुटणार, असा तिने अर्थ लावला. यंदा नाही तर पुढच्या साली. त्याची शिक्षा केव्हाच संपली होती, पण सुटणाऱ्यांच्या यादीत शेजारच्या पाड्यावरचे दोघे आले, शुक्रा नाही आला. पाड्यावरचे सगळे वीटभट्टीवर गेले तरी ही घर सोडेना. नेमके तेव्हाच साहेब चौकशीला आले तर? माहेरी गेली तर संध्याकाळी परत. माणूस तिकडे कैदेत होता आणि कडी इकडच्या दाराला लागली होती.

त्या कडीआड तिने पोरीलाही कोंडलं. योगिताचं मसोलीच्या मिथुनशी ठरलं होतं. तो टेम्पो चालवतो, पोरगा सरळ. त्याच्या घरच्यांनी दोन वर्षं वाट पाहिली, पण जानीचं एकच पालुपद: बापूस आल्याबिगर लगीन नाय. शेवटी मिथुनच्या आईने निरोप धाडला, होळीपर्यंत काय ते सांगा, नाहीतर आम्ही दुसरी मुलगी बघतो.

त्या दिवशी योगिताने पवित्र शास्त्र उघडून तो अध्याय आईला पहिल्यापासून वाचून दाखवला. ते एक पत्र निघालं, परमुलखात धरून नेलेल्या कैद्यांना लिहिलेलं. घरं बांधा, बागा लावा, मुलींची लग्नं करून द्या, असं त्यात होतं.

जानी भडकली. पोरगी स्वतःच्या सोयीचं देवाच्या नावावर खपवते, असं तिला वाटलं. पुस्तक काखेत मारून ती तरातरा लाहूदादांकडे गेली. त्यांनी चष्मा लावून वाचलं आणि मान खाली घातली. आहे खरं, म्हणाले. तुला धीर यावा म्हणून मी अकरावंच सांगत आलो, वरचं सांगायला जीभ रेटली नाही.

"आन् सुटका? ती कवा लिवलीय?"

"सत्तर वर्षांनी," लाहूदादा म्हणाले.

जानी ओट्यावर बसली. तिला लाहूदादांचा राग आला, देवाचाही आला, आणि तिने तो लपवला नाही. ज्यांना ते पत्र आलं, त्यातले बहुतेक परमुलखातच मातीला मिळाले असतील. पण त्या पत्राने त्यांना खोटी आशा तरी दाखवली नव्हती. जगा म्हणून सांगितलं होतं. ती उठली आणि म्हणाली, मसोलीला निरोप द्या.

एप्रिलमध्ये लग्न झालं. चर्चमध्ये बापाच्या जागी जानी स्वतः उभी राहिली. योगिता सासरी गेल्यावर तिने लाहूदादांना शुक्राला पत्र लिहायला बसवलं. ते थोरामोठ्यांच्या भाषेत सुरुवात करू लागले, तर तिने अडवलं.

"मी सांगते तेच लिवा. पोरीचं लगीन केलं. तिला तुझ्यासाठी थांबवली नाय. मी थांबलेली हाय."