ओळखीचा एडिटर

मुलगी पाच महिन्यांची झाली आणि माझी रजा संपली. सासूबाई माझं लग्न व्हायच्या आधीच गेलेल्या, माहेर रत्नागिरीला, आणि मुलुंडच्या आमच्या दोन खोल्यांत दिवसभर घरी असणारं माणूस एकच, सासरे. पाळणा हलवण्यात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं, पण लंगोट बदलायची वेळ आली की ते थेट गॅलरीत जाऊन आभाळ बघत उभे राहत. तेव्हा मुलीला त्यांच्यावर सोपवून अंधेरीच्या ऑफिसात परत रुजू होणं शक्यच नव्हतं.

एका कॉम्प्युटर कंपनीत मी मॅन्युअल लिहीत असे. म्हणजे प्रोग्रॅम दुसऱ्यांनी करायचा आणि तो कसा वापरायचा हे समजावणारं पुस्तक मी इंग्रजीत लिहायचं. ऐंशीचं दशक संपत आलं होतं, पण घरी बसून करायचं काम म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर पापडच यायचे. तरी मी धीर करून साहेबांना विचारलं. साहेब तसे बरे होते, फक्त नवी गोष्ट पचायला त्यांना वेळ लागायचा. घरी कॉम्प्युटर असेल तर गोदामाच्या प्रोग्रॅमचं एक मॅन्युअल करून दाखवा, ते म्हणाले. महिनाअखेर फ्लॉपी माझ्या टेबलावर आली तर पुढचं काम घरी पाठवू, नाही आली तर राजीनामा घेऊन या. इतक्या गोड आवाजात धमकी मी नंतर कधी ऐकली नाही.

नवऱ्याच्या बँकेतला एक मित्र परदेशी निघाला होता, त्याचा कॉम्प्युटर आमच्याकडे आला आणि इस्त्रीच्या टेबलावर विराजमान झाला. सासऱ्यांनी त्याला हळदकुंकू वाहिलं, उदबत्ती ओवाळली, एक अक्षता की-बोर्डात गेली ती कायमचीच. मग ते बाजूला झाले आणि मी लिहायला बसले. अर्ध्या तासात माझी वाट लागली.

घोटाळा एडिटरचा होता. एडिटर म्हणजे ज्या प्रोग्रॅममध्ये मजकूर लिहायचा, खोडायचा, जपून ठेवायचा तो. ऑफिसातला एडिटर माझ्या बोटांत मुरलेला होता. वाक्य सुचेपर्यंत बोटं आपली आपण कर्सर हलवून तयार असत. परिच्छेद झाला की कंट्रोल दाबून ‘के’ आणि ‘एस’, की लिहिलेलं जपून ठेवलं. हे मी झोपेतही केलं असतं. मित्राच्या कॉम्प्युटरवर एडिटर होता, पण दुसराच. त्याच्यात कंट्रोल आणि ‘के’ म्हणजे प्रकरणाच्या नावाखालचं सगळं पुसून टाक. पुसण्याआधी तो सभ्यपणे ‘नक्की?’ असं विचारायचा, पण कुठलंही बटण दाबलं की ते त्याला होकारासारखं वाटायचं. तोवर माझं बोट ‘एस’वर पडलेलं असायचं. जपायला जावं आणि नेमकं तेच पुसलं जावं, असं दिवसभर चाललं. एका दुपारी मी मालाची आवक हे अख्खं प्रकरण मोठ्या काळजीनं जपलं आणि पडद्यावर फक्त त्याचं नाव उरलं.

नवरा म्हणाला, "अगं, शीक ना दुसरा. त्यात काय एवढं?"

मी त्याला सांगितलं, उद्या तुझ्या स्वयंपाकघरात मिठाच्या जागी साखर ठेवते, मग आमटी कर. त्याला आमटी करताच येत नव्हती, त्यामुळे तो मुद्दा वाया गेला. मी शिकत नव्हते असंही नाही. कागदावर सगळ्या खुणा लिहून पडद्याला चिकटवल्या होत्या, त्या मला तोंडपाठ होत्या. पण डोकं वाचायचं एक आणि बोटं करायची दुसरंच. महिन्याचा पहिला आठवडा असा गेला, आणि माझ्या पदरात एकही धड प्रकरण नव्हतं.

मुलुंडात तेव्हा दोन कॉम्प्युटर क्लास होते. माझा एडिटर मिळेल का, हे दोन्हीकडे नवरा विचारून आला. एकानं त्याला खेळांच्या फ्लॉप्या दाखवल्या, दुसऱ्यानं त्याचंच नाव कोर्सला घालून टाकलं. ऑफिसात माझ्या एडिटरची फ्लॉपी होती, पण ती साहेबांच्या ड्रॉवरमध्ये. तिची नक्कल निघत नसे आणि ती बाहेर न्यायला मनाई होती. ती मागायची माझी हिंमत होईना. एवढंही जमत नाही तर राजीनामाच द्या, असं साहेब म्हणतील याची मला धास्ती होती.

त्या रात्री जेवताना मी कोणाकडेही न बघता म्हटलं, "मला ओळखीचा एडिटर मिळाला तरच हे होईल. नाहीतर गेली नोकरी."

सासरे माशाचा काटा काढत होते, ते थांबले. ते मूळचे मालवणकडचे, आयुष्य गिरणीत गेलं. गिरणीच्या संपानंतर घरी बसले ते बसलेच. बोलणं कमी, पण ऐकणं चोख. त्यांनी माझं वाक्य अगदी चोख ऐकलं आणि मुंबईत ते ज्या अर्थानं ऐकायचं त्याच अर्थानं ऐकलं. गॅसचा नंबर, टेलिफोन, बालवाडीतला प्रवेश, इथे काहीही हवं असलं तर ओळखीचा माणूस लागतो. सुनेला ओळखीचा एडिटर लागत होता.

दोन दिवसांनी संध्याकाळी ते दारातूनच म्हणाले, "गावलो गो. ओळखीचो एडिटर गावलो."

मी पोरीला कडेवर घेऊन धावत बाहेर आले. सासऱ्यांच्या मागे खादीचा झब्बा, खांद्याला शबनम आणि खिशाला दोन पेनं अशी एक व्यक्ती चपला काढत होती. मुलुंडहून निघणाऱ्या एका साप्ताहिकाचे ते संपादक होते. गटारं, हळदीकुंकू समारंभ आणि नगरसेवकांचे वाढदिवस हे त्यांचे विषय. सासऱ्यांच्या गावच्या मंडळातल्या कोणाच्या तरी मेव्हण्याचे ते शेजारी निघाले होते. एवढी ओळख शोधायला सासरे दोन दिवस पायपीट करत होते.

आता घरी आलेल्या माणसाला तुम्ही चुकीचे एडिटर आहात असं कसं सांगणार? मी कांदेपोहे टाकले. संपादक कॉम्प्युटरसमोर बसले आणि माझी हातानं लिहिलेली कच्ची पानं वाचू लागले. सासरे बाजूच्या स्टुलावर, डॉक्टरनं छातीला नळी लावलेली असताना बसतात तसे ताठ. शेवटी संपादकांनी लाल पेन काढलं. लेखन नेटकं आहे पण रुक्ष आहे, असं त्यांचं मत पडलं. ‘एंटर दाबा’ हे वाक्य पानोपानी आलंय, वाचक सुज्ञ असतो, एकदा सांगितलं की दाबतो. गोदामातला माल संपतो तो प्रसंग मात्र त्यांना आवडला. तिथे थोडं कारुण्य आणता येईल, म्हणाले. जाताना ‘संगणक आणि गृहिणी’ हे सदर लिहायचं आमंत्रण देऊन आणि पोह्यांची दुसरी बशी संपवून ते गेले.

दार लागल्यावर मी जी हसत सुटले ती थांबेना. हसता हसता कधी रडायला लागले ते कळलं नाही. सासरे स्टुलावर तसेच बसून होते. काहीतरी चुकलंय एवढं त्यांना समजलं होतं. मग मी त्यांना सगळं नीट सांगितलं. एडिटर हा माणूस नाही. माझी बोटं त्याला सरावलीत, दुसऱ्यावर ती चालत नाहीत. सासऱ्यांनी माझ्या बोटांकडे जरा वेळ पाहिलं. तो एडिटर कुठे मिळतो, एवढंच विचारलं. मी ड्रॉवरचं सांगितलं, आणि तो मिळणार नाही हेही सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच ते लग्नाकार्याचा पांढरा शर्ट घालून बाहेर पडले. कुठे ते सांगितलं नाही. दुपार झाली, जेवायला आले नाहीत. मला धड लिहवेना. आता कोणत्या एडिटरला घेऊन येतात याची मी तयारी ठेवली, म्हणजे पोहे भिजवून ठेवले. दिवेलागणीला ते एकटेच आले. हातात त्यांचा जुना जेवणाचा डबा होता. तो मी उघडला तर आत पोरीच्या दुपट्यात गुंडाळलेली माझी फ्लॉपी.

"सायबांनी दिली," ते म्हणाले आणि पाय धुवायला गेले.

मी फ्लॉपी आत सारली. तोच काळा पडदा, त्याच ओळी, वर उभा तोच कर्सर. माझी बोटं सुटली. परिच्छेद झाला, कंट्रोल, ‘के’, ‘एस’, आणि लिहिलेलं जागच्या जागी राहिलं. इतका आनंद मला बोर्डाच्या निकालालाही झाला नव्हता. त्यानंतर मी फक्त पोरीसाठी आणि भातासाठी उठले.

मॅन्युअल वेळेत झालं. मी स्वतः अंधेरीला नेऊन दिलं, सोबत ती फ्लॉपीही. साहेबांनी पडद्यावर पानं चाळली, पुढच्या कामाची कागदपत्रं पुढे सरकवली आणि त्यांच्यावर ती फ्लॉपी ठेवली. राहू दे तुमच्याकडे, म्हणाले. मी निघाले तेव्हा त्यांनी हळूच विचारलं, "तुमच्या सासऱ्यांना भिवंडीनंतर कुठे काम मिळालं का हो?"

मला भिवंडीचं काहीच माहीत नव्हतं. घरात माझ्यासमोर कधी तो विषय निघाला नव्हता. बसमध्ये मी त्याचाच विचार करत होते, आणि घरी आल्या आल्या, पायातल्या चपला न काढता, मी सासऱ्यांना विचारलं. पोरगी झोपली होती तरी ते पाळणा हलवतच होते.

"संप मोडल्यार भिवंडीक गेल्लंय, पावरलूमवर," ते म्हणाले. "थयले साचे, म्हणजे माग, वेगळे. हात आपले गिरणीतल्यासारखे जायत आणि धागो तुटा. तुझो घोव म्हणालो, शिका ना बाबा नवीन. शिकलंय असतंय. पण हात शिकाक येळ लागता आणि मालक थांबणा नाय. चवथ्या दिवसाक घराक धाडल्यान. हय येऊन सांगितलंय, मालक बरो नाय."

"साहेबांना हे सांगितलंत?"

"ते इचारीत होते, सुनेक दुसरो शिकाक काय होता? मग सांगूकच व्हया."

कोणालाही न सांगितलेलं ते खरं कारण त्यांनी पांढरा शर्ट घालून, एका अनोळखी साहेबासमोर उभं राहून माझ्यासाठी सांगितलं होतं. मी तिथेच पाळण्याला धरून रडायला लागले. सासरे गोंधळले, गॅलरीकडे बघू लागले.

"आता रडतंस कित्याक गो?" ते म्हणाले. "तुझो एडिटर गावलो मा?"