अनंताची उठणारी गाडी

मंगळवारी सकाळी अनंता गेला. निरोप घेऊन त्याचा पुतण्या चौलहून सायकलने अलिबागला आला. मी वाचनालयाचं दार उघडत होतो. ते पुन्हा लावून घेतलं आणि त्याच्याबरोबर निघालो.

याला आता महिना होत आला. अजून माझं एक पान सलग वाचून होत नाही. उठतो, खिडकीपर्यंत जातो, परत येतो... ही सवय माझी नव्हे, त्याची. अनंता माझा आतेभाऊ. तो कधी स्वस्थ बसलेला मी पाहिला नाही. जेवतानाही त्याचा उजवा पाय काहीतरी दाबत असायचा. मालतीवहिनी म्हणायच्या, "अहो, भात आहे पुढे, घाट नाही."

स्वातंत्र्य मिळालं त्या सुमारास तो मुंबईच्या एका शेटजींच्या अलिबागमधल्या बंगल्यावर ड्रायव्हर म्हणून लागला. त्यांची गाडी फ्रेंच, काळी, आणि तऱ्हेवाईक. इतर गाड्यांची मागची चाकं गाडी ढकलत, हिची पुढची चाकं ओढत. ती इतकी बुटकी की तिला पायरीच नव्हती. चढणारा सवयीने पाय वर उचलायचा आणि हेलपाटायचा. एका पावसाळ्यात रेवदंड्याच्या वाटेवर चिखल लागला, तेव्हा अनंताने इथले सगळे ड्रायव्हर करायचे तेच केलं. मागे वजन पडावं म्हणून डिकीत नारळांची पोती टाकली. गाडीने नाक वर केलं आणि पुढची चाकं जागच्या जागी फिरत राहिली. मग पोती बॉनेटवर आली, आणि ती धरून शेटजींचे दिवाणजी. त्या अवतारात ते रेवदंड्यात शिरले. अनंता मला म्हणाला, "बैल पुढे असतात ना? मग ओझं जुवाजवळ नको?" पुढे शेटजींनी बंगला मोडला आणि जाताना गाडी त्यालाच दिली.

बंगलेवाल्यांची जुनी इंग्रजी मासिकं आमच्या वाचनालयात येत. त्या फ्रेंच गाडीच्या कंपनीबद्दल काही दिसलं की मी ते मराठीत सांगायचो आणि तो माझ्या खुर्चीमागे उभा राहून ऐकायचा. तिने शेतकऱ्यांसाठी एक पत्र्याची छोटी गाडी काढली होती. नांगरलेल्या शेतातून नेली तरी टोपलीतलं अंडं फुटू नये, अशी म्हणे तिची अट. वहिनींची कोंबडी नेमकी त्या आठवड्यात खुडूक बसली, म्हणून आमच्या काळ्या गाडीची परीक्षा टळली. नंतर पंचावन्न साली पॅरिसच्या प्रदर्शनात आलेल्या मोठ्या गाडीचं चित्र आलं. तिला स्प्रिंगा नव्हत्या, तेल आणि वायू भरलेले गोळे होते. उभी करून ठेवली की ती हळूहळू पोटावर बसायची, आणि इंजिन चालू केलं की आपोआप उठायची.

"आपोआप? पुन्हा वाच."

मी पुन्हा वाचलं. दुसऱ्या दिवशी त्याने ते सगळ्या चौलला सांगितलं, तळहात गुडघ्याशी धरून, मग वर उचलून. त्यानंतर लोकांनी त्याला सोडलं नाही. वाण्याच्या दुकानात, देवळाच्या पायरीवर, "काय अनंतशेट, उठली का गाडी?" तो हसायचा. एकदा परतताना मला म्हणाला, "एकदाच बघायचीय रे. मग काय ते म्हणू देत."

काही वर्षं अशीच गेली. एका हिवाळ्यात मुंबईच्या कुणा परदेशी साहेबाने तसली गाडी थेट नागावच्या समुद्रकाठी, पुळणीवर आणली. खबर कळताच आम्ही पोचलो. नवरा-बायको फिरत लांब गेले होते आणि गाडी पोटावर बसली होती. कोळी मंडळी भोवती जमली होती. हिराजी तांडेल, म्हणजे त्यांच्या होडीचा म्होरक्या, दोर घेऊन उभा.

"हात लावू नका!" अनंता ओरडला. "रुतली नाही ती. निजलीय."

"निजली?" हिराजी म्हणाला. "आरं, भरती लागलीय. पानी काय तिला अंगाई म्हनंल व्हय?"

त्याचं खरं होतं. लाट पुढच्या चाकाला लागून परत जात होती. ओढावी तर पोटाखालच्या तेलाच्या नळ्या तुटतील आणि ती कधीच उठणार नाही. ठेवावी तर समुद्र नेईल. अनंता दोनदा पाण्यापर्यंत गेला आणि परत आला. मग वाळू उकरून उताणा झाला, गाडीखाली शिरला आणि दोर कुठे बांधायचा ते त्याने स्वतः दाखवलं. होडीखाली घालतात तसे ओंडके घातले. ज्यांनी त्याची थट्टा केली होती त्यातलेही दोघे दोराला होते. हैशा म्हणत गाडी सुरूच्या झाडांपर्यंत आली.

दोर सोडायला तो पुन्हा खाली शिरला. तेवढ्यात साहेब धावत आला, दोर पाहून घाबरला, पलीकडच्या दाराने आत बसला आणि त्याने इंजिन चालू केलं. आम्ही सगळे ओरडलो. आधी मागचा भाग उचलला गेला, गाय उठते तसा. मग पुढचा.

अनंता बाहेर आला तेव्हा त्याच्या केसांत वाळू होती. "मी नाही बघितली," तो म्हणाला. "माझ्यावरून उठली."

गाडी निघून गेली. पुन्हा तसली गाडी इकडे आली नाही. त्या दिवसापासून थट्टा थांबली, उलट तोच भेटेल त्याला विचारायचा, "कशी उठली, सांग." आजारपणातही विचारायचा. शेवटच्या रविवारी मी गेलो तेव्हा हिराजी खाटेजवळ बसला होता. "अशी," म्हणत त्याने तळहात जमिनीपासून उचलला. "मागून पयली. ध्येनात हाय ना? मागून."

अनंता त्या हाताकडे बघत होता. पाय हलत नव्हता.

काळी गाडी गोठ्यात आहे. सुटे भाग मिळेनासे झाल्यापासून ती चाललेली नाही. तिच्या शेजारी खुंटीला हिराजीचा तो पुळणीवरचा दोर आहे.