बायोफिजिक्सचं गाऱ्हाणं

प्रवासाबद्दल लिहावं इतका मी फिरलेलो नाही. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजची पायरी चढलं नाही, त्यामुळे लिहिण्याची सवयही घरातली नव्हे. एका दिवसाच्या प्रवासाबद्दल लिहितो आहे. चुका पदरात घ्याव्यात.

बी.एस्सी.चा निकाल लागला होता. मला पुण्याला बायोफिजिक्स, म्हणजे सजीवांमधलं भौतिकशास्त्र, शिकायचं होतं. आईची अट एकच. खाडीपलीकडच्या आमच्या मूळ गावातल्या देवीने कौल (देवाचा होकार किंवा नकार) उजवा दिला तर जायचं. नाहीतर लांज्याच्या काजू कारखान्यात नोकरी. मुंबईहून बाबांनीही "देवीला विचारा" असंच कळवलं.

लांज्याहून पहाटेच्या एसटीने निघालो. पालीला गाडी थांबली तेव्हा आईने तांदळाची भाकरी आणि फणसाची भाजी बांधलेली शिदोरी सोडली. देवीला जायचं म्हणून सुकटीला मनाई होती. रत्नागिरीला गाडी बदलली. पुढे सडा (जांभ्या दगडाचं उघडं पठार) तापला होता. जयगडला उतरून आम्ही तरीत (खाडी ओलांडणाऱ्या होडीत) बसलो.

"काय गो आक्का, पोराला पोरगी बघायला न्हेतंस?" होडीवाल्याने विचारलं.

"नाय रे, कौल लावायचाय. शिकायला जातो म्हनतो."

"अजून? मग लगीन काय पेन्शनीत करनार?"

होडी हसली. मीही हसलो.

देवळात गुरवकाकांनी आंघोळ करून ओल्या फुलाच्या दोन पाकळ्या देवीच्या दोन्ही खांद्यांवर चिकटवल्या. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार.

"काय शिकनार म्हनून सांगू?"

"बायोफिजिक्स."

"देवीला समजंल असं सांग."

मी अडखळत बोललो, "गुरं राखताना मी लाजाळूला बोट लावायचो. ती मिटते तेव्हा तिच्या अंगातून विजेची बारीक लहर जाते, असं कॉलेजात सरांनी सांगितलं. झाडात, माणसात ही वीज कशी तयार होते, ते शोधायचं आहे."

"शोधून काय करशील?"

"कळेल, काका."

गुरवकाकांनी आईकडे पाहिलं. ती म्हणाली, "तसंच सांगा. त्यापायी झोपत नाय तो."

"बाय म्हाराजा!" गुरवकाकांनी गाऱ्हाणं (देवापुढची जाहीर विनवणी) घातलं. "ह्यो तुझा लेक झाडामानसातली वीज शोधाया निघालाय. उजवा दे, डावा दे, पन मोकळं बोल म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा," आई म्हणाली.

माझी इच्छा इतक्या स्वच्छ शब्दांत मला स्वतःलाही कधी सांगता आली नव्हती.

पाकळ्या पडेनात. खाडीची दमट हवा, त्या सुकणार कशा, हे मला कळत होतं. तरी नजर उजव्या पाकळीवरच होती. दिवस कलला. खालून होडीवाल्याने हाका मारल्या. ती शेवटची फेरी होती.

"ऱ्हावा गो आजची रात," गुरवकाका म्हणाले.

"म्हैस गाभन हाय. घरात दुसरं कोन नाय."

"मग जावा. पडला की सांगावा धाडतो."

दुसऱ्याच दिवशी समुद्र खवळला आणि पावसाळ्यापुरती होडी बंद झाली. गावात तेव्हा फोन नव्हता, आणि चिपळूणच्या वाटेने वळसा घालून कोण येणार? आम्ही वाट पाहिली. पुण्याची प्रवेशाची मुदत टळली. कौलाशिवाय जाऊ का, असं मी आईला एकदा तरी विचारायला हवं होतं. ती कदाचित हो म्हणाली असती. तिचा देवीवरचा विश्वास मोडायची हिंमत मला झाली नाही, आणि माझ्या शास्त्राने ती दिली नाही. मी कारखान्यात काजूगर तोलायला लागलो.

नारळी पौर्णिमेनंतर होडी सुरू झाली. गुरवकाकांचा पुतण्या लांज्याच्या बाजाराला आला, तो कारखान्याच्या फाटकाशी मला शोधत पोचला.

"काकांचा सांगावा हाय," तो धापा टाकत म्हणाला. "तुमची होडी मधल्या खाडीत पन गेली नसंल, तवाच पडली. उजवी."