विश्राम मरगळे आणि तेलाची काच

रविवार, ३ ऑगस्ट २०२५. चार-स्ट्रोक मोटारसायकलींच्या इंजिन-तेलाचे ‘जासो’ या जपानी मानकात एमए आणि एमबी असे दोन वर्ग आहेत. ज्या गाडीचा क्लच इंजिनाच्याच तेलात बुडून काम करतो, तिच्यासाठी पहिला वर्ग आहे. ही गोष्ट कोणालाही पडताळून पाहता येईल. त्या रविवारी ताम्हिणीच्या अलीकडच्या एका वळणावर जे घडले, त्याबद्दल इतक्या खात्रीने बोलता येत नाही.

भूगावात राहणारा अनिमेष नावाचा संगणक कंपनीतला नोकरदार आपल्या स्पोर्ट मोटारसायकलवरून त्या वळणावर घसरला. त्याचा घोटा मोडला. गाडी उजव्या कुशीवर घासत गेली, इंजिनाचे झाकण फुटले आणि आतले सगळे तेल रस्त्यावर सांडले. मागच्या टायरलाही तेल होते. गाडी काही दिवसांपासून निळसर धूर टाकत होती, असे त्याच्या गटातले सोबती सांगतात; तेल कमी पडल्यानेच इंजिन जळाले, असा तर्क त्यांनी काढला. त्याच संध्याकाळी त्यांच्या मोबाईलवरच्या गटात मजकूर फिरला: ‘माले गावातला मिस्तरी तेल चोरतो. अर्धेच भरतो, उरलेले विकतो. कोणीही जाऊ नका.’ सोबत विश्राम मरगळे याचे छायाचित्र होते. त्यात तो संतापलेला दिसतो. परंतु विश्राम एरवीही तसाच दिसतो, त्यामुळे पुरावा म्हणून ते छायाचित्र निरुपयोगी आहे.

विश्रामचा जन्म ताम्हिणीच्या वरच्या एका धनगरवस्तीत झाला. वय तो पन्नास सांगतो. त्याची बायको कृष्णाबाई ‘त्याच्यावर चार तरी धरा’ म्हणते. कागद दोघांकडेही नाही. तरुणपणी तो घाटात प्रवासी वाहणाऱ्या वडाप जीपवर क्लीनर होता आणि बंद पडलेल्या जीपखाली झोपून कामाला शिकला. पुढे माले गावात विठ्ठलराव नावाच्या शेतकऱ्याचा रिकामा पडलेला गोठा त्याला गॅरेजसाठी मिळाला. लगत कृष्णाबाईने चहा-भज्यांची टपरी घातली. गावातल्या साध्या गाड्यांचे काम तो रस्त्याच्या कडेला, उघड्यावर करी. पण सुट्टीच्या दिवशी घाटात जाणाऱ्या महागड्या गाड्यांचे मालक चिखलात गाडी उभी करायला राजी नसत. म्हणून त्याने गोठ्याच्या जमिनीवर सिमेंटचा कोबा केला आणि त्या गाड्या आत घेऊ लागला.

माणूस म्हणून तो कोणाला आवडल्याची नोंद सापडत नाही. ‘त्यो देवाला बी शिवी घालूनच हात जोडतो,’ असे विठ्ठलराव म्हणाले. शहरातले लोक त्याच्याकडे येत ते पौड सोडल्यावर या रस्त्याला त्या गाड्यांना हात लावणारा दुसरा कोणी नव्हता म्हणून. तो त्यांचे काम करी ते त्यांच्यावाचून गॅरेज चालणार नव्हते म्हणून. दोन्ही बाजूंना एकमेकांचा तिरस्कार होता आणि कोणी तो फारसा लपवत नव्हते.

अपघाताच्या तीनेक आठवडे आधी अनिमेष तेल बदलायला आला, तेव्हाचे भांडण कृष्णाबाईने टपरीवरून ऐकले आहे. अनिमेषने सोबत आणलेला डबा पुढे केला.

“काका, हे टाका. फुल्ली सिंथेटिक आहे. रिव्ह्यू वाचून मागवलंय.”

विश्रामने डबा उलटा करून मागची अक्षरे वाचली आणि परत दिला. “हे मोटारीचं हाय.”

“ऑईल ते ऑईल.”

“मंग कृष्णे, कढईतलं आन गं. त्ये बी ऑईलच हाय.”

“मला भज्याला पुरंना,” कृष्णाबाई म्हणाली. “सायबांना म्हनावं, घरनं आना.”

अनिमेषला हे झोंबले. “तुमचा प्रॉब्लेम काय आहे? गाडी माझी, ऑईल माझं.”

“आन नाव माझं खराब हुनार. मोटारीचा क्लच कोरडा असतो. तुमचा ऑईलात बुडाल्याला हाय. ह्या डब्यात घसरायचं औषध घातल्यालं असतंय. घाटात मूठ पिळाल, इंजन नुस्तं बोंबलंल आन गाडी हाय तितंच. मंग मलाच फोन कराल, ‘काका, चढंना.’”

शेवटी गाडीत विश्रामच्या फळीवरचे, एमए वर्गाचे आणि पुस्तिकेत सांगितलेल्या जाडीचेच तेल पडले. तेलाच्या निवडीत विश्राम बरोबर होता. याविषयी कोणी वाद घालत नाही. आपल्याला तेव्हा ‘गाढव’ म्हटले गेले, असे अनिमेष सांगतो. विश्रामला विचारले असता तो म्हणाला, “म्हनलो न्हाई. मनात हुतं.”

तेल किती भरले, हा खरा मुद्दा. अनिमेषच्या गाडीला तेल मोजायची पट्टी नव्हती. इंजिनाच्या उजव्या अंगाला एक छोटी गोल काच होती, तिच्यावर खाली-वर दोन रेघा. तेल त्या रेघांच्या मधोमध दिसले की भरणे थांबवायचे. मी मधोमधच थांबलो, असे विश्राम म्हणतो. मला काच दाखवलीच नाही, असे अनिमेष म्हणतो. तिसरा कोणी पाहत नव्हता.

मजकूर फिरल्यानंतर रविवारी गाड्या गॅरेजसमोरून न थांबता जाऊ लागल्या. काही जण मुद्दाम वेग कमी करून हॉर्न वाजवत. एकाने भिंतीवर खडूने ‘तेलचोर’ लिहिले. कृष्णाबाईने ते पुसले. विश्रामने तिला पुसल्याबद्दल शिव्या दिल्या. “राहू दे. वाचू दे समद्यांना. म्या चोरलंच न्हाई तर पुसायचं कशाला?”

“भजी कोन खानार मंग? तुमी?” ती म्हणाली.

गोठा आपला असल्याने लोक आपल्यालाही त्यात ओढतात, ही विठ्ठलरावांची तक्रार होती. त्यांनी टपरीसमोर, चार माणसांदेखत सांगितले, “विश्राम, त्या पोरांना बोलाव आन त्यांच्या म्होरं काय ते साफ कर. चोर न्हाईस, तर गोठा तुझा. चोर निघालास, तर दसऱ्याच्या आत रिकामा करायचा.”

विश्रामने हे आव्हान स्वीकारले. त्याने अनिमेषला फोन करून सांगितले, ‘तुमच्या गाडीसारखीच दुसरी गाडी घेऊन या. तुमच्या डोळ्यादेखत भरतो. अर्धंच भरलं तर माझ्या तोंडाला काळं फासा.’ फोनवरचे हे शब्द दोघेही सारखेच सांगतात. या प्रकरणात दोन्ही पक्षांचे एकमत असलेली ही एकच जागा आहे.

१४ सप्टेंबरला, रविवारी, गट आला. अनिमेष कुबडी घेऊन कोणाच्या तरी मोटारीतून उतरला. त्याच्या गाडीसारखीच गाडी ज्ञानदाकडे होती. ज्ञानदा मूळची लातूरची. अनिमेषच्या इमारतीत राहते आणि दुसऱ्या कंपनीत काम करते. चित्रीकरण ती करणार होती. विठ्ठलराव खुर्ची टाकून बसले. गावातली माणसे गोठ्याच्या दारात दाटली.

“या सायेब,” विश्राम अनिमेषला म्हणाला. “एक पाय ऱ्हायलाय त्यो बी घेऊन आलाव, बरं केलं.”

“काका, आज कॅमेरा आहे. जरा सांभाळून बोला.”

“त्याला बी च्या पाजा.”

ज्ञानदाची गाडी सरळ आत घेतली आणि मागचे चाक उचलून धरणाऱ्या लोखंडी स्टँडवर उभी केली. जुने तेल काढले. विश्रामने सीलबंद डबा सर्वांना फिरवून दाखवला, ज्ञानदाकडूनच उघडवला आणि काचेपुढे उकिडवा बसून तेल ओतू लागला. तेल मधोमध आले, तसा तो थांबला. इंजिन थोडे चालवून बंद केले, तेल खाली बसू दिले, आणि जेवढे कमी दिसले तेवढे पुन्हा ओतले.

“बघा. कोन बघतंय? या की म्होरं.”

“आत अंधार आहे,” ज्ञानदा म्हणाली. “व्हिडिओत काही दिसत नाही. बाहेर घेऊ.”

रस्त्यापलीकडे दूध गोळा करण्याच्या ओट्यापुढे ग्रामपंचायतीने काँक्रीटची सपाट जागा केली होती. गाडी, स्टँड आणि विठ्ठलरावांची खुर्चीही तिथे नेली; माणसे मागोमाग आली. विश्राम पुन्हा काचेपुढे बसला. ज्ञानदाने कॅमेरा त्याच्या खांद्यावरून काचेवर धरला.

काच पूर्ण भरलेली होती. वरची रेघ तेलाखाली गेली होती. तेलाची कड कुठेच दिसत नव्हती.

अनिमेष वाकून पाहत होता. “फुल आहे,” तो नाइलाजाने म्हणाला.

“फुल हाय म्हनत्यात,” पुढच्या कोणीतरी मागच्यांना सांगितले. हसण्याचा आवाज झाला. विठ्ठलराव खुर्चीवरून उठले. “झालं का समाधान? का अजून कुनाची गाडी हाय?” ज्ञानदा म्हणाली, “ठीक आहे, मी तसं टाकते,” आणि हेल्मेट घालून स्टँडवरच्या गाडीवर बसली. तिला तिथूनच घाट चढून कोकणात उतरायचे होते.

विश्राम बसूनच होता. कृष्णाबाई सांगते की त्याने रस्त्यापलीकडे गोठ्याकडे पाहिले, मग काचेकडे, मग पुन्हा गोठ्याकडे. तिला वाटले, याला चक्कर आली.

गोठा हा गोठाच होता. त्यात शिरताना उजव्या हाताला गव्हाण आणि डाव्या हाताला शेणमुताची नाली. जमीन गव्हाणीकडून नालीकडे उतरती. या पट्ट्यात गोठा असाच बांधतात, आणि विश्रामने कोबा करताना तोच उतार मुद्दाम राखला होता, पावसाचे पाणी निघून जावे म्हणून. जनावरे गव्हाणीकडे तोंड करून आडवी उभी राहत. गाड्या दारातून सरळ आत येऊन उभ्या राहत. त्यामुळे गोठ्यात उभी केलेली प्रत्येक गाडी डावीकडे कलत असे, तेल डावीकडे जाई आणि उजव्या अंगाची काच रिकामी वाटे. काच मधोमध भरेपर्यंत तेल ओतायचे म्हणजे गरजेपेक्षा बरेच जास्त ओतायचे. जादा तेल इंजिनातली वाफ सोडणाऱ्या नळीवाटे हवा गाळणाऱ्या पेटीत चढते, तिथून इंजिनात जाऊन जळते आणि धूर होतो, किंवा पेटीच्या नळीतून मागच्या चाकावर ठिबकते. साध्या गाड्या रस्त्यावर दुरुस्त होत, म्हणून त्यांना हा आजार कधी झाला नाही. स्पोर्ट गाड्या धूर टाकत परत येत, तेव्हा विश्राम हवेची पेटी पुसून देई आणि सांगे की या गाड्याच नाजूक. गावही त्याला हसून दुजोरा देई.

त्या क्षणी हे फक्त त्याला कळले होते. बाकी सगळ्यांच्या दृष्टीने तो सुटला होता.

“ए बाई,” तो ज्ञानदाला म्हणाला. “उतर.”

“काय?”

“गाडीवरनं उतर म्हनतोय. ऑईल काढायचंय. लई झालंय.”

“काका, आत्ताच तर तुम्ही फुल म्हणून…”

“म्या न्हाई, तुमी म्हनलाव. फुल म्हंजी चांगलं नसतंय. ही बालदी हाय का?” त्याने स्टँडला लाथ घातली. “गोठा कलता हाय. आत मोजल्यालं समदं खोटं हाय.”

विठ्ठलराव जवळ येऊन हळू आवाजात म्हणाले, “विश्राम, लेका, सुटलायस. गप ऱ्हा.”

“वर धुक्यात मागल्या चाकाला ऑईल लागलं, तर ह्या पोरीला तुमी उचलून आननार?”

अनिमेषला समजायला थोडा वेळ लागला. मग त्याने विचारले, “म्हणजे माझ्या वेळीपण?”

“व्हय. तुमच्या येळी बी असंच असंल.”

“असेल म्हणजे?”

“असंल म्हंजी असंल. रस्त्यावर सांडल्यालं मोजायला म्या आलो नव्हतो.” एवढे बोलून त्याने सपाट जागेवरच बोल्ट सैल केला. तेल वरच्या रेघेखाली येईपर्यंत काढले आणि ज्ञानदाकडे वर न बघता म्हणाला, “टाक तुझा व्हिडिओ.”

त्याने माफी मागितली नाही. अनिमेषने मागायला लावून पाहिली. कुबडी आपटून, पुन्हा पुन्हा. “अहो, निदान सॉरी तरी म्हणा.” विश्राम हात पुसत राहिला. शेवटी कृष्णाबाई मध्ये आली. “म्या म्हनते. चुकलं त्यांचं. बसा, च्या घ्या.” कोणी चहा घेतला नाही.

दसऱ्याआधी गोठा रिकामा झाला. चोरी सिद्ध झाली नव्हती, मग का, असे विचारल्यावर विठ्ठलराव म्हणाले, “चोरी आसती तर मिटवली आसती. भरून दिलं की मिटतं. ह्यानं समद्यांम्होरं सांगितलं की माझ्या गोठ्यात गाडी घातली की मानूस पडतंय. हे कसं मिटवायचं?” गोठ्यात आता खताची पोती आहेत. विश्राम टपरीशेजारी उघड्यावर फक्त गावातल्या गाड्या पाहतो. शहरातल्या लोकांबद्दल त्याचे मत बदललेले नाही आणि त्यांचेही त्याच्याबद्दल नाही. “कबूल केलं म्हणजे उपकार केले का?” असे अनिमेषने या लेखासाठी विचारले. विश्रामने बोलायला चक्क नकार दिला. नंतर बायकोवर ओरडता ओरडता वरचे बरेचसे सांगितले.

तीन गोष्टी कळू शकलेल्या नाहीत. ज्ञानदाने चित्रफीत कुठेही टाकली नाही. का, ते ती सांगत नाही, आणि ‘तेलचोर’ हा मजकूर गटात अजून तसाच आहे. त्या गोठ्यात याआधी किती गाड्यांत जादा तेल गेले आणि त्यांतल्या कोणाला कुठे काय झाले, याचा माग लागत नाही. अनिमेषच्या गाडीचा टायर दुरुस्तीच्या वेळी बदलून फेकला गेला. त्याला लागलेले तेल गाडी घसरण्याआधी हवेच्या पेटीच्या नळीतून ठिबकले होते की घसरल्यानंतर फुटलेल्या झाकणातून उडाले होते, हे माहीत नाही.