उघडा हात

जहाज दुपारी चारला सुटायचं होतं. पावणेचारला मुकादम धक्क्याच्या शेवटच्या खुंटाजवळ येऊन उभा राहिला आणि आज ते चारला सुटत नाही हे त्याला कळलं.

हे कळायला फार अक्कल लागत नाही. जहाज पर्यटकांचं, चौदा मजल्यांचं. जेवढं पाण्याखाली, त्याच्या कितीतरी पट वर. एवढी उंच भिंत समोर आली की वारा तिला सोडत नाही. वारा जमिनीकडून होता, म्हणजे तो जहाजाला धक्क्यापासून बाहेर रेटत होता. बारा दोरांनी धरून ठेवलं होतं म्हणून ते जागेवर होतं. दोर सोडले की ते आडवं सरकत समोरच्या दगडी बांधाकडे जाणार. ओढून धरायला बोटी दोन, त्यातली एक म्हातारी. दोघींच्या जोरापेक्षा वाऱ्याचा जोर जास्त असला तर कप्तान कितीही शहाणा असो, जहाज निघत नाही. वर गच्चीत उभ्या असलेल्या प्रवाशांना ऊन दिसत होतं, निळं आकाश दिसत होतं, आणि खोळंबा कशाचा ते समजत नव्हतं.

मुकादमाच्या हाताखाली पाच माणसं. काम एकच, आलेलं जहाज बांधायचं आणि जाणारं सोडायचं. जाड दोराच्या टोकाला फास असतो, तो लोखंडी खुंटात अडकवलेला असतो. सुटताना जहाजावरचे लोक दोर ढिला देतात, मग धक्क्यावरचे दोघे फास उचलून पाण्यात टाकतात. ओला फास दोघांनाही जड जातो. गुडघे वाकवायचे, पाठ नाही. ज्याने पाठ वाकवली तो पाच वर्षांत घरी बसतो. मुकादमाने एकतीस वर्षं गुडघे वाकवले होते.

आणखी एक गोष्ट होती, ती कुठल्या पुस्तकात नव्हती. फासाला हात घालण्याआधी जोडीतल्या एकाने दोरावर उघडा तळहात ठेवायचा. ताण असेल तर दोर आतून वाजतो. कानाला ऐकू येत नाही, हाडाला येतं. वाजत असेल तर खुंटापुढे कोणी जायचं नाही. शांत असेल तर हात ठेवणाऱ्याने ‘ढिला’ म्हणायचं, आणि मगच दुसऱ्याने पुढे व्हायचं. हातमोज्यातून हे कळत नाही.

मुकादम हातमोजे घालतच नसे. बंदराच्या कचेरीने त्याला दोनदा नोटीस दिली होती, थंडीत त्याचे तळहात फाटत होते, तरी नाही. माणसं पाठीमागे त्याला ‘बिनमोज्या’ म्हणत. तोंडावर मात्र मान होता. वीस वर्षांत या धक्क्यावर कोणाचं बोटही चेचलं नव्हतं. बिनमोज्याचा हात नाही म्हणाला तर कप्तानही गप्प बसतो, असं बंदरात बोललं जाई.

घरी बायको वेगळंच बोले. “तुमचा हात वेगळा झोपतो,” ती म्हणे. तो झोपला की उजवा हात पांघरुणाबाहेर टाकत असे, तळवा वर करून. कधी पहाटे ती तो हात धरून आत घेई. तेव्हा तिला तळव्यात बारीक कंप लागे, शेजारच्या खोलीत शिवणयंत्र चालू असल्यासारखा. “नसेचं दुखणं असेल. दाखवून या.” तो हो म्हणे आणि जात नसे. ते नसेचं नव्हतं हे त्याला माहीत होतं. वीस वर्षांपूर्वी ते सुरू झालं तो दिवसही माहीत होता.

तेव्हा त्याला जोडीदार होता. दहा वर्षं दोघांनी एकाच खुंटावर काम केलं होतं. जोडीदाराची एक खोड होती. फासाला हात घालण्याआधी तो खुंटावर दोनदा थाप मारी, बैलाच्या पाठीवर मारावी तशी. मग वाके. त्या दिवशी वारा असाच जमिनीकडून होता. दोनदा थाप वाजली, जोडीदार वाकला, आणि झोत आला. दोर ताणला आणि तुटला. तुटलेला दोर चाबकासारखा कुठे फिरतो हे बघायला डोळे पुरत नाहीत. चौकशी झाली. अचानक आलेला झोत आणि जुना दोर, असा निकाल लागला. जोडीदाराच्या मागे बायको आणि चौदा वर्षांची मुलगी.

ती मुलगी आज या बंदरात पायलट होती. मोठं जहाज बंदरातून बाहेर नेताना कप्तानाशेजारी उभं राहून वाट दाखवायची, हे तिचं काम. चार वर्षं ती ते करत होती. कचेरीत तिला सगळे ‘पायलटबाई’ म्हणत. ती मुकादमाला काका म्हणे.

सव्वापाचला वारा पडला.

“मुकादम, गेला बघा,” भोंगा म्हणाला. हा त्याच्या टोळीतला सगळ्यात जुना. कुजबुजला तरी पलीकडच्या धक्क्यावर ऐकू जाई, म्हणून भोंगा. “आता सोडलं तर सातच्या आत घरी. बायको म्हणेल, आज चुकून आलात का?”

हवामान कचेरीने वीस मिनिटांची उसंत सांगितली होती. ओढणाऱ्या बोटी जहाजाला लागल्या. मग मुकादमाच्या छातीवरचा रेडिओ बोलला.

“काका, कप्तान म्हणतोय निघू. दोर काय म्हणतोय?”

मुकादम शेवटच्या दोराजवळ गेला. तळहात ठेवला. वाजत होता. हात उचलला, हवेत धरला. तरीही वाजत होता. पुन्हा ठेवला. दोर वाजतोय की हात, त्याला कळेना.

हे आजचं नव्हतं. दोन-तीन वर्षं तो हेच करत होता. कळलं नाही की ‘थांबा’ म्हणायचं. थांबलेलं जहाज कोणाला मारत नाही, आणि लोक म्हणत, काय हात आहे. पण आज खुंट तोच होता, वारा तोच होता, आणि विचारणारी ती होती. ‘ढिला’ म्हणावं तर भोंगा पुढे होऊन वाकणार. ‘थांबा’ म्हणावं तर आणखी एक खोटं तिच्या ओंजळीत घालायचं.

“काका?”

तेवढ्यात मागे खुंटावर दोनदा थाप वाजली.

तो गर्रकन वळला. खुंटाजवळ कोणी नव्हतं. भोंगा दहा पावलांवर, दोन्ही हात खिशात.

“थाप कोणी मारली?”

“कसली थाप?” भोंगा म्हणाला. मग मुकादमाचा चेहरा बघून पहिल्यांदाच हळू आवाजात म्हणाला, “बसा जरा. पाणी देऊ?”

पाच मिनिटांत पायलटबाई जहाजाच्या शिडीवरून खाली उतरली. चालण्यात बापाची ढब होती, डावा खांदा थोडा पुढे. मुकादमाने भोंग्याला लांब पाठवलं.

“रेडिओ बंद पडला का तुमचा?”

“चालू आहे.”

“मग उत्तर का नाही? वर कप्तान माझं डोकं खातोय. वाजतोय की नाही, एवढंच सांगायचं.”

“मला कळत नाही.”

“म्हणजे?”

“माझा हात सारखा वाजतो. घरीसुद्धा. तुझा बाप गेला तेव्हापासून.”

ती थोडी मऊ झाली. “काका, तो झोत होता. तुम्ही तर हात ठेवून बघितलं होतं.”

“नव्हतं बघितलं.”

ती एक पाऊल मागे सरली.

“थंडी होती. हातात मोजे होते. काढायचा कंटाळा केला. वरूनच हात लावल्यासारखं केलं आणि ‘ढिला’ म्हणालो. तो माझ्या शब्दावर वाकला.”

“चौकशीत लिहिलंय, हात ठेवला होता.”

“मीच सांगितलं तसं.”

वर कुठल्यातरी मजल्यावर वाद्यं वाजत होती. पायलटबाई दोराकडे बघत राहिली. मग तिने उजव्या हातातला मोजा काढला, काखेत धरला आणि तळहात दोरावर ठेवला. बराच वेळ ठेवला. मुकादमाला तिच्या मनगटाशिवाय काही दिसत नव्हतं.

“शांत आहे,” ती म्हणाली. “तुम्हाला काय लागतंय?”

त्याने शेजारी हात ठेवला. “वाजतोय.”

“मागच्या वर्षी धुक्यानंतर वारा सुटला होता. तुम्ही थांबवलंत म्हणून मी थांबले. तेव्हा?”

“तेव्हाही माहीत नव्हतं.”

“आणि त्याआधी?”

“त्याआधीही.”

तिने मोजा चढवला, एकेक बोट नीट बसवून. मग रेडिओ तोंडाशी धरून कप्तानाला म्हणाली, “आत्ता नाही. या उसंतीवर माझा भरवसा नाही. वाऱ्याचा काटा अर्धा तास सलग ताशी वीस मैलांच्या खाली राहिला पाहिजे. हाताच्या सांगण्यावरून जहाज काढायचं नाही, आजपासून कुठलंच.” आणि त्याच्याकडे न बघता शिडी चढून गेली.

मुकादम खुंटापासून मागे सरला. दहा मिनिटंही झाली नसतील. जमिनीकडून झोत आला, गोदामांच्या पत्र्यांवरून धावत. बाराही दोर एकदम कडाडले. एवढं मोठं जहाज हातभर सरकलं आणि परत येऊन टेकलं. वर कोणाचा तरी पेला फुटला. धक्क्यावर धूळ उडाली. शेवटचा दोर पिळल्यासारखा ताणला आणि त्यातलं पाणी वाफेसारखं उडालं.

“वाचलो,” भोंगा म्हणाला. “मी वाकलो असतो ना तिथे. तुमचा हात, मुकादम, सोन्यात मढवला पाहिजे.”

मुकादमाच्या डोक्यात दुसरंच चाललं होतं. दोर शांत होता, तिच्या हाताला खरोखर शांत होता, आणि दहा मिनिटांत हे. दोर आत्ताचं सांगतो, पुढचं नाही. म्हणजे त्या दिवशी त्याने मोजा काढला असता, उघडा हात ठेवला असता, तरी कदाचित ‘ढिला’च म्हणाला असता. कदाचित नसता. वीस वर्षांत हे त्याला पहिल्यांदा सुचलं, आणि त्याने काही हलकं झालं नाही. उलट आतापर्यंत निदान काय घडलं ते ठाऊक होतं. आता तेही राहिलं नाही.

दोन तास सगळे बसून राहिले. बसून राहण्याचेही कष्ट असतात. पाय गार पडतात, आणि मग उचलताना पाठ वाकते. मुकादमाने माणसांना तीनदा उठवून धक्क्याच्या टोकापर्यंत चालवून आणलं. साडेसातला, दिवस मावळता मावळता, काटा खाली आला आणि खालीच राहिला. जहाजावरून दोर ढिले पडू लागले. एकेक फास पाण्यात पडला. राहिला शेवटचा.

मुकादमाने भोंग्याला हाताने मागे सारलं. “इथे मी वाकतो. तू दोराकडे बघ.”

रेडिओ बोलला. चार वर्षं ऐकलेला तिचा कामाचा आवाज, ना जास्त ना कमी.

“शेवटचा दोर कोण काढतंय?”

“मीच.”

रेडिओ खरखरला.

“हातमोजे घाला.”

पुढे ‘काका’ आलं नाही. मुकादम थांबला, येईल म्हणून. मग भोंग्याकडे हात पसरून म्हणाला, “दे तुझे.”

भोंग्याने काढून दिले. ते सैल होते आणि आत दुसऱ्याच्या हाताची ऊब होती. त्याने घातले. आतला कंप तसाच होता, पण आता दोराचा की आपला हे विचारायचं कारण उरलं नव्हतं. दोराचा झोल पाण्याला टेकलेला डोळ्याला दिसत होता. भोंगा मागून म्हणाला, “ढिला.” मुकादमाने गुडघे वाकवले.

खुंटावर दोनदा थाप वाजली. या वेळी त्याने मागे वळून बघितलं नाही. भोंगा येऊन शेजारी वाकला, आणि दोघांनी मिळून फास उचलला. नेहमीपेक्षा हलका लागला. पाण्यात टाकला.