झांजा थोड्या खाली

प्रमाणित करण्यात येते की, श्री. शेखर सावळीराम निरगुडे, वय बावन्न, राहणार देवळाली कॅम्प, हे राहत्या घराच्या मागील खोलीत चालणाऱ्या ध्वनिमुद्रण केंद्राचे संस्थापक, चालक, तंत्रज्ञ व एकमेव कर्मचारी असून, त्यांचे दोन्ही कान सदर कामास पूर्णतः योग्य आहेत.

हे प्रमाणपत्र खुद्द शेखरनंच टाइप करून, लॅमिनेट करून दारावर लावलं होतं. शिक्का नव्हता, मागायलाही कुणी आलं नाही. भजनी मंडळं डोळे झाकून त्याच्याकडे यायची. जवळच्या लष्करी मैदानावर तोफांचा सराव नसेल त्या दिवशी तो रेकॉर्डिंग करायचा, मग पेटी, पखवाज, झांजा आणि आवाज यांचा मेळ घालत बसायचा. मिक्सिंग झालं की उज्वलाला खुर्चीत बसवून हेडफोन द्यायचा आणि स्वतः अंघोळीला जायचा. बायकोच्या कानावरून गेल्याशिवाय गाणं बाहेर जायचं नाही, ही त्याची श्रद्धा. ती दरवेळी म्हणायची, "मस्त झालंय."

यंदा ती भाचीच्या लग्नाला नामपूरला गेली आणि एक भजन तिच्याविनाच गेलं. दुसऱ्या दिवशी हरसूलच्या सुनीलबुवांचा फोन. "शेखरभाऊ, झांजा हायेत का सुया? आमच्या म्हातारीनं कानातलं मशीन काढून फेकलं राव!"

शेखर हसला. मग भजन पुन्हा लावलं. झांजा त्याला कुठंतरी पलीकडच्या गल्लीत वाजल्यासारख्या वाटल्या. त्यानं जुनी गाणी उघडली. प्रत्येकात शेवटचा बदल त्याच्या अंघोळीच्या वेळचा, प्रत्येकात झांजांच्या आवाजाची सरकपट्टी खाली ओढलेली.

उज्वलानं पिशवी ठेवायच्या आत त्यानं विचारलं, "कधीपासून?"

कशाबद्दल, ते तिनं विचारलं नाही. लग्नातले लाडू डब्यात भरत म्हणाली, "चार वर्षं होतील. आधी थोड्याच कमी करायचे. हल्ली फार खाली आणाव्या लागतात."

"मग सांगायचं नाही?"

"सांगून काय करू? तुम्हाला दुसरं काय येतं हो?"

शेखरनं हेडफोनची वायर काढली, स्पीकर लावले, खुर्ची तिच्याकडं सरकवली. "बुवांचं भजन नीट करून दे."

"तुम्ही अंघोळीला जा ना मग."

"सकाळीच झाली."

तो मागं उभा राहिला. पट्टी खाली येत गेली, थांबली. त्याला पखवाज ऐकू येत होता, बुवा ऐकू येत होते.

"मस्त झालंय," तो म्हणाला.

दारावरचा कागद अजून तिथंच आहे. शेखरला झांजा ऐकू येत नाहीत.